ऊब वाढवली की मादी

घरामागच्या उबवणीच्या खोलीत तात्यांचं राज्य होतं. लावा पक्ष्यांची अंडी मशीनमध्ये लावायची, वेळच्या वेळी फिरवायची, पाऱ्यावर डोळा ठेवायचा, यातच त्यांची हयात गेली. माणूस लाखमोलाचा! पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघायचं नाही. आणि शिरलं होतं ते हे, की मशीनची ऊब जरा वाढवली की माद्या जास्त निघतात.

पुरावा म्हणाल तर घरातलाच. "लेकीच्या वेळी हिवाळाभर मी शेगडी विझू दिली नाही. झाली की नाही मुलगी?"

"झाली हो झाली. घामाघूम मी झाले, कौतुक शेगडीचं!" बायको म्हणायची. अहो, नर की मादी ते अंडं घालायच्या आधीच ठरलेलं असतं, हे जनावरांचे डॉक्टर सांगून थकले होते. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आता तीच लेक परगावी पोटुशी होती आणि तात्यांना नात हवी होती. रोज फोनवर एकच धोशा: "हीटर चढवून ठेव गं!" पोरही बापवेडी, खरंच चढवायची.

"भाजून काढाल तिला," बायको एकदा कडाडली.

"थांब, सिद्धच करून दाखवतो!" म्हणत तात्यांनी मशीनचा पारा चढवला.

त्या खेपेला पिल्लं थोडीच निघाली. "अंडीच पोचट होती," तात्या म्हणाले, आणि न फुटलेली अंडी बायकोनं पुरायला बाहेर नेली. काही आठवड्यांनी पिल्लांच्या छातीवर पिसं भरली. तांबूस छातीचे नर मोजकेच, बाकी सगळ्या ठिपकेवाल्या माद्या. तात्या लहान पोरासारखे ओरडत आले, "बघ! माद्याच माद्या!"

बायको दाणे टाकत होती. ती सावकाश म्हणाली, "माद्या वाढल्या कुठं? नेहमीपेक्षा कमीच आहेत. उष्म्यानं बाकीची आतच गेली, त्यात नरच जास्त. पुरायच्या आधी मी अंडी फोडून पाहिली. पिसं आलेली होती हो, चोची कवचाला टेकलेल्या. तुम्हाला सांगवलं नाही मला."

तात्या तिथंच जमिनीवर बसले. या हातांनी त्यांनी कधी एक अंडं आपटू दिलं नव्हतं. पायाशी पिल्लं चिवचिवत होती आणि त्यांच्याकडे बघायचा तात्यांना धीर होईना.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, फार उकडतंय हो. डोकं गरगरतंय. तरी हीटर अजून थोडा चढवू का?"

"बंद कर! आधी बंद कर तो, खिडकी उघड, पाणी पी!"

"अहो, पण तुमची नात?"

"मला कुणीही चालेल गं. तू नि बाळ जिवंत राहा, बास."

खिडकी उघडल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी फोन कानापासून हलवला नाही.