शिक्षा कैसी मिलती है?

मंडळी, आज शाळेत इतकं हसलो, की घरी पोचायच्या आधीच लिहितेय.

हिंदी मुलखातल्या शाहपूरजवळच्या आमच्या शाळेचं कपाट आवरताना इंग्रजांच्या काळातली शेरेबही, म्हणजे तपासणीच्या शेऱ्यांची वही, सापडली. दुपारी शाळा समितीच्या बैठकीत मी ती वाचून दाखवली.

तेव्हा तपासणीचे साहेब खूश झाले तरच शाळेला अनुदान मिळायचं. त्या वर्षीचे साहेब जबलपूरकडचे. त्यांनी चौथीच्या वर्गाला हिंदीत विचारलं, "यहाँ शिक्षा कैसी मिलती है?"

त्यांना म्हणायचं होतं शिक्षण. आपल्या मराठी पोरांना वाटलं, मार!

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "छडीनं, साहेब! उशीर झाला तर कोंबडा!"

तेव्हाच्या मास्तरांनी त्याच वहीत लिहिलंय, की त्यांनी हातातली छडी पटकन पाठीमागे लपवली. साहेबांना मात्र हसू आवरेना. त्यांचा शेरा असा: "मुलं खरं बोलतात. अनुदान मंजूर. छडी नामंजूर."

आमचे अध्यक्षभाऊ म्हणाले, "मॅडम, आमच्या टाइमाला हा साहेब कुठं होता हो?"

निघताना फाटकावरची हिंदी पाटी दिसली: शिक्षा विभाग. इतकी वर्षं रोज पाहतेय, आज पहिल्यांदा हसू फुटलं.

तुम्हाला शाळेत कोणती मिळाली, हिंदीतली की मराठीतली?