बेस गिटारला लावलेलं मुसळ

साताऱ्यात लग्नात वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा त्यांची चार तारांची बेस गिटार मी हौसेनं घेतली. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दिवसभर पोरांपुढे बोलून झालं की न बोलता करायचं काहीतरी हवं होतं. दोन दिवस वाजवली आणि डाव्या हाताची बोटं काळीकुट्ट झाली. गिटारच्या मानेवर तारा दाबायला जी लांब पट्टी असते, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. हा अस्सल काळ्या आबनुसाचा आहे असं मला सांगितलं होतं. निघाला कसल्यातरी पोचट लाकडाचा, वर बुटाचं पॉलिश. तारांनी त्यात चर पाडले होते.

नवी पट्टी बसवायचं ठरवलं आणि लाकूड निवडण्यात आठ महिने गेले. इंटरनेटवर या विषयावर माणसं बांधावरून भांडावीत तशी भांडतात. शिसवानं आवाज उबदार होतो, मेपलनं टणक होतो, आबनुसावर बोट लोण्यासारखं सरकतं. मी सगळं वाचलं, मला सगळंच पटलं, त्यामुळे काही ठरेना. मग दिसेल ते लाकूड बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायची सवय लागली. स्टाफरूमचं टेबल ठोकलं. एसटी स्टँडवरचं बाकडं ठोकलं. दवाखान्याचा दरवाजा ठोकला तर आतून डॉक्टर "या" म्हणाले, आणि काही होत नसताना मला जीभ दाखवावी लागली. एका सहकारी बाईंकडे सत्यनारायणाला गेले होते, तिथं देव्हारा ठोकला. "शिसवी आहे," असं मी त्यांना कौतुकानं सांगितलं. प्रसाद मला जरा कमीच मिळाला.

शेवटी मिरजेला गेले. तिथं सतारी-तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी गिटार उलटीपालटी करून बघितली.

"भोपळा कुठं हाय हिला?"

"भोपळा नसतो. वीज लागते," मी म्हणाले.

त्यांनी गिटारकडे, आणि मग माझ्याकडेही, दयेनं बघितलं. मी त्यांना उबदार, टणक वगैरे सगळं सांगितलं. चहा संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, सूर भोपळ्यात आसतोय, न्हाईतर तुमच्या त्या विजेत. पट्टीचं काम निस्तं सोसायचं. आयुष्यभर मार खाऊन जे लाकूड गप बसलंय, तसलं आणा. घरात जुनं काय हाय का बघा."

माझा आठ महिन्यांचा अभ्यास त्यांनी अर्ध्या कप चहात निकालात काढला. मला राग आला. पण त्यांचं पटलंही.

मार खाऊन गप बसलेलं म्हटल्यावर मला आमच्या गावच्या घरातलं मुसळ आठवलं. गाव पलूसच्या पुढं. माजघराच्या दाराआड साडेचार फुटांचं खैराचं मुसळ उभं असायचं, टोकाला लोखंडी कडं. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी गेले त्या दिवशी आई शेतात होती. विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

मिरजेत कारागिरांनी ते मधोमध आडवं कापलं. आतून रंग काथासारखा तांबडा निघाला. म्हातारबोवांनी पेरानं ठोकलं, ऐकलं आणि पहिल्यांदाच हसले. एका अर्ध्यातून पट्टी निघाली, लोखंडी कडं असलेला दुसरा अर्धा तुकडा त्यांनी मला परत दिला. आवाज बदलला का? मी शपथेवर सांगते, बदलला. शेजारणीला फरक कळला नाही, पण तिला बेस आणि पाण्याची मोटर यांतलाही फरक कळत नाही.

महिन्याभरानं आईचा फोन आला. माझा भाऊ फौजेत आहे. त्याचं लग्न ठरलेलं होतं, रजा तेवढी अडली होती.

"रजा मंजूर झाली गं! पंधरा दिसांत लगीन उरकायचं. आन् आपलं मुसळ कुठं दिसंना. घाणा कशानं भरायचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे हळदीच्या आधी घाणा भरतात. दोन मुसळं आंब्याची पानं लावून एकत्र बांधायची आणि पाच सवाष्णींनी मिळून उखळात हळकुंडं कांडायची. भावकीतली बाकीची मुसळं कधीच चुलीत गेली होती. आमचं एकच उरलं होतं. त्याला जोडीला लाटणं बांधून सगळ्या घरांचे घाणे भरले जात. म्हणजे मी कापलं ते घरातलं अडगळीचं लाकूड नव्हतं, गल्लीभरच्या लग्नांचं सामान होतं.

"मला काय माहीत," माझ्या तोंडून गेलं.

दोन दिवसांनी आईला चोर सापडला. आमची थोरली काकी. दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लागून. मागचं लग्न काकीच्या घरचं होतं, म्हणून आई म्हणाली, "आक्कांनी न्हेल्यालं परत आणलंच न्हाई." काकी म्हणाली, "माज्या हातानं दाराआड ठिवलंय. चोर ठरवती व्हय मला? न्हाई येत जा तुज्या घाण्याला." आणि घाण्याला पहिला हात थोरल्या जावेचा लागतो. चाळीस वर्षं एका विहिरीचं पाणी प्यालेल्या दोघी माझ्यापायी बोलायच्या बंद झाल्या. मी खरं सांगायला रोज फोन करायची आणि "जेवलीस का?" विचारून ठेवून द्यायची. परीक्षेत कॉपी केली म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर काढते, हे त्या दिवसांत फार आठवायचं.

हळदीच्या सकाळी उखळ धुऊन मांडलं होतं. बायका जमल्या होत्या. काकीचं दार बंद होतं. आई हातात लाटणं घेऊन उभी होती. "तिच्याबिगर कसा भरू गं घाणा?" एवढं म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. मला माझी भयंकर लाज वाटली. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन काय उपयोग? मी सोबत आणलेली गिटार आणि मुसळाचा अर्धा तुकडा घेऊन काकीचं दार वाजवलं.

"काकी, मुसळ मी नेलं होतं."

तिनं अर्धा तुकडा हातात घेतला. "आन् उरल्यालं?"

मी गिटारची मान पुढं केली. काकीनं पेरानं पट्टी ठोकली आणि कान लावून ऐकलं, अगदी मिरजेच्या म्हातारबोवांसारखं. "व्हय. आपलंच हाय." मग तरातरा मांडवात गेली आणि मलाच उद्देशून मोठ्यानं म्हणाली, "सांग तुज्या आईला, तिच्या लेकीनं मुसळाची तंबोरी केली म्हणून!"

आईनं गिटार बघितली, मला बघितलं. "झालं! सगळंच मुसळ केरात."

"केरात कशानं?" काकी म्हणाली. "एकाची दोन झाली की. सांग तिला, लाटणं ठिव म्हणावं."

गिटार उलटी धरली, मान खाली. अर्धं मुसळ मानेला असं बांधलं की लोखंडी कडं खुंट्यांच्या वीतभर पुढं राहील. आंब्याची पानं बांधली, हळद-कुंकू लावलं. पहिला हात काकीचा, दुसरा आईचा. पहिला घाव बसला आणि चारी तारा एकदम घुमल्या. बायका दचकल्या, मग खिदळत दुप्पट जोरानं कांडायला लागल्या. हळद पट्टीच्या फटीफटीत गेली. ती अजून निघालेली नाही.

तरीही दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्याच. बोलायचं ते माझ्यामार्फत. दुपारी पंगत उठल्यावर, गिटार जिवंत आहे का बघावं म्हणून मी छोट्या स्पीकरला लावून वाजवली. काकी येऊन बसली. थोड्या वेळानं आई आली, चार हात लांब बसली.

"आवाज तसाच हाय," काकी माझ्याकडं बघत म्हणाली. "नांदायला आलो तवा आमी दोघी मिरच्या कांडायचो. धप-धप चालू आसलं की आमचं बोलणं सासूला ऐकू जायचं न्हाई. घाव थांबला की दोघी गप. लय रडलोय आमी त्या आवाजात. हसलोय बी."

ऐकता ऐकता मी वाजवायची थांबले होते.

आईनं खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "थांबलीस कशाला? वाजीव."

मी वाजवायला लागले. गाणं कुठलंच नव्हतं, एका जाड तारेवर नुसता ठेका. आई सरकत सरकत काकीजवळ गेली. दोघींची डोकी जवळ आली. आईचे ओठ हलताना दिसले, काकीनं तिच्या मांडीवर चापट मारली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. भाऊ हळदीच्या अंगानं दोनदा येऊन म्हणाला, "दिदे, जेव की आता." माझी बोटं हुळहुळायला लागली होती. मी मानेनंच नाही म्हटलं आणि वाजवत राहिले.