लाल रेघेपर्यंतचं पाणी

"हे गेले, भाऊ..." शोभावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजामागे पंपाची घरघर चालू होती. आधी ती घरघर ओळखू आली, मग वहिनींचे शब्द कळले.

वहिनींचे माधवराव आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला, मी ग्रंथालयात. वसमतच्या त्यांच्या घरी बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, तीत दोन नारिंगी मासे. टाकी बसवताना मदतीला मीच होतो. वरचं पाणी एका पाइपाने खालच्या कपाटातल्या टाकीत उतरायचं, पंप ते दुसऱ्या पाइपाने पुन्हा वर चढवायचा. शेजारच्या काकांनी दारातूनच विचारलं, "काहो, सिद्धेश्वर धरणाचं गोडं पाणी सोडून मीठ काहून कालवून राहिले?"

"समुद्राला जाणं होत न्हाई," माधवराव म्हणाले, "म्हणून त्यालाच बोलावून घेतलं."

पहिल्याच दिवशी लाईट गेली आणि वर चढलेलं पाणी पंपाच्या पाइपातून उलटं येत राहिलं. खालची टाकी भरून वाहिली, सतरंजी भिजली. पाइपाचं वरचं तोंड आम्ही फार खोल बुडवलं होतं. माधवरावांनी त्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडलं. "आता हवा शिरली की थांबतंय बराबर." मग खालच्या टाकीवर वहिनींच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज सकाळी गोडं पाणी घालायचं, रेघेपर्यंत. चार-पाच दिवस चुकलं तर पंप कोरडा पडणार, मासे मरणार. त्यासाठी कपाटात ठेवलेला तांब्या ते कुणाच्या हाती देत नसत.

त्याच बैठकीत ते गेले. दहा दिवस तिथे दिवा होता, दिव्याखाली पसरलेलं पीठ, शेजारी पाण्याचं फुलपात्र. तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हे बंद करा. वाटतं, आतच बसून राहिलेत." मासे नांदेडच्या एका दुकानात द्यायचं ठरलं. मी पाना घेऊन कपाटापुढे बसलो, दार उघडलं. पाणी बरोबर लाल रेघेवर होतं.

"बरं केलंत वहिनी, पाणी घालत राहिलात."

"मी? मी तर हात न्हाई लावला. तुमीच घालत होते ना?"

मीही टाकीला हात लावला नव्हता; दहाव्यानंतर तर त्या दिवशीच आलो होतो. घरात मूलबाळ नाही, आलेले पाहुणे ओसरीवरच बसून गेलेले. वहिनींनी वाकून ती रेघ पाहिली, मग माझ्या हातातला पाना काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. चालू ऱ्हाऊ द्या."

आता शाळेत जाताना रोज मी तिथे थांबतो. खाली वाकतो, कपाट उघडतो. स्वयंपाकघरातून वहिनी विचारतात, "आहे का पाणी?"

"आहे."

तांब्या उचलण्याची वेळ अजून आलेली नाही. त्याच्या बुडाशी मात्र रोज ओलं वर्तुळ असतं. मी ते पुसत नाही.