साहेबांसमोरचा ग्लास

"ए हरसूल, इकडं ये. पी."

मॅनेजर मला गावाच्या नावानेच हाक मारायचा. झाडूवालीला नाव कशाला? नाशिकच्या त्या प्लेटिंगच्या, धातूला मुलामा चढवायच्या कारखान्याच्या मागे, कुंपणाबाहेर, नाल्यात पाणी सोडायचा पाइप होता. तपासणीला आलेले प्रदूषणवाले साहेब तिथे उभे. मॅनेजरने पाइपखाली ग्लास भरला, माझ्यापुढे धरला. मी प्याले.

"बघा, आमची माणसं पितात."

"यांना काय, सगळं पचतं," साहेब हसले. सही झाली. नाल्यात पाणी सोडायची परवानगी पुढे चालू.

दर तपासणीला हाच तमाशा. त्या दिवसापुरतं पाइपला बोअरचं पाणी जोडायचे. जीप वळली की पुन्हा अॅसिडचं हिरवट पाणी. ते शुद्ध करायची टाकी ताडपत्रीखाली कोरडी पडलेली. खाली नाल्याकाठी आम्हा गावाकडून आलेल्यांची वस्ती. माझी पोर त्याच पाण्यात उभी राहून कपडे धुवायची, तिच्या पायांची सालटी निघायची. माझं तोंड वापरून हे लोक माझ्याच पोरीचे पाय जाळत होते.

मग एका तपासणीला ऐनवेळी लोडशेडिंग. बोअरची मोटर बंद. पाइपातून कारखान्यात साठलेलं खरं पाणी उताराने येत होतं, नाकाला झोंबत होतं. साहेबांनी रुमाल लावला. वाटलं, आज ग्लास निघणार नाही.

निघाला.

त्यात काय आहे ते मॅनेजरला माहीत होतं. तरी म्हणाला, "पी गं, लवकर." मी मेले तरी चाललं असतं. सही अडायला नको.

"नाय पिणार."

"काय म्हणालीस?"

"तुमी प्या. नायतर ह्या साहेबांना पाजा."

ग्लास तिथेच ओतला, मॅनेजरच्या बुटांवर. साहेब म्हणाले, "बाईला जरा शिस्त लावा." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. तपासायला पाण्याचा नमुनासुद्धा भरला नाही. मला लगेच कामावरून काढलं.

बरं केलं. मी सरळ वस्तीत गेले, बाया गोळा केल्या. म्हणाले, "पाइपाचं तोंड गेटाच्या भाईर हाय, आपल्या नाल्यात. तिथं जायाला कुणाचा बाप अडवत नाय. आता जीप आली का समद्यांनी तिथं उभं ऱ्हायाचं. बोअरचं पाणी किती येळ सोडतील, आतलं साठलं का सोडावंच लागंल. ते खरं पाणी येईस्तवर साहेबाला बसवून ठेवायचं. नमुना आपल्यासमोर भरला तर भरला. नायतर मी चाकापुढं आडवी पडते. जीप माझ्या अंगावरून न्यावी लागंल."