पाहुण्यांची बशी

माझं अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन कच्चं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर लिहिणं सुटलं.

मळवलीच्या ज्या बंगल्यात मी स्वयंपाक करते, तिथं एक सर राहतात. फार जुन्या समुद्राच्या तळाचे दगड भिजवून, चाळून ते रव्याएवढे शंख काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. कुठला शंख किती खोल पाण्यात राहायचा, त्यावरून तो समुद्र केवढा खोल होता ते कळतं. हा समुद्र खूप खोल होता, असं त्यांनी पुस्तकात लिहिलंय.

त्यांना बसवत नाही. चहा ठेवला की "आलोच" म्हणतात आणि व्हरांड्यात अनवाणी फेऱ्या मारत राहतात. उथळ पाण्यातला शंख सापडला की म्हणतात, "हा पाहुणा. वरून घसरत आलाय." तो वेगळ्या बशीत जातो; खोल पाण्यातले ते घरचे, त्यांची बशी निराळी. ती बशी भरत चालली, तशा फेऱ्या वाढल्या. मलाही पोळ्या लाटताना चैन पडेना.

शनिवारी शेजारच्या बंगल्यावर मुंबईची माणसं उतरली होती. मी दारातूनच म्हटलं, "सर, आज पाहुणे लय झालेत. मी लवकर जाऊ का?"

ते थबकले. "तुम्हालाही दिसलं?"

मी घाबरले. "न्हाई, मी शेजारच्या पाहुण्यांचं म्हणत व्हते. त्यांच्या भाकऱ्या करायच्यात."

ते हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि पाहुण्यांची बशी घरच्यांच्या बशीत ओतली.

"हे इथलेच आहेत, ताई. समुद्र उथळ होता. माझं पुस्तक चुकलं."

मग त्यांनी चहा मागितला आणि गरम असतानाच प्यायला.