तिचा पहिलीचा वर्ग

इंग्रजीच्या प्रशिक्षणांचा मला मनापासून कंटाळा होता. तालुक्याच्या हॉलमध्ये दिवसभर बसायचं, पोहे खायचे, सही ठोकायची आणि घरी यायचं. माझी मैत्रीण मात्र पहिल्या रांगेत जाऊन बसायची आणि मलाही हाताला धरून ओढायची. दिंद्रुडच्या पुढे एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे आणि आमच्या डोक्यावर मुख्याध्यापक सर.

प्रशिक्षणातून ती रिकाम्या हातानं कधी आली नाही. चित्रकार्डं करा, असं कुणी सांगितलं की दुसऱ्या दिवशी ही गावात लग्नपत्रिका मागत फिरायची. जाड कागद फुकटात मिळतो म्हणून. बायका चेष्टा करायच्या, "मॅडम, लग्नाला तर येत न्हाई, नुसती पत्रिकाच नेता व्हय?" मग एका बाजूला कुणाचे तरी नवरा-नवरी आणि दुसऱ्या बाजूला हिनं रंगवलेला कावळा, बैल, बादली. जुन्या मोज्याची एक बाहुलीही तिनं केली होती. त्या बाहुलीला फक्त इंग्रजी कळायचं. मराठीत बोललं की ती तोंड फिरवून बसायची आणि पोरं तिला मनवायला धडपडायची. मी म्हणायचे, "तुझी बाहुली लई शिकलेली हाय बाई, आपल्याला परवडायची न्हाई."

पण हे सगळं वरवरचं. तिचं खरं साहित्य म्हणजे तिचा आवाज. खणखणीत, रस्त्यापर्यंत जाणारा. ती म्हणायची आणि पोरं तिच्यामागून म्हणायची. शाळेमागून मेंढरं घेऊन जाणारे एक आजोबा तिच्या चालीवर इंग्रजी आकडे मोजत जायचे. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं विसरून परत यायचा. मी चिडायचे. ती न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, आणि चार दिवसांत तोच गलका परत ऐकू यायचा. मला तिचा हेवा वाटायचा, तो असा.

एका प्रशिक्षणात शहरातून आलेले प्रशिक्षक साहेब सांगत होते, शिक्षकानं वर्गात कमी बोलावं, मुलांना जास्त बोलू द्यावं. ही माझ्या कानाशी लागली, "आपण गप बसलो तर पगार कशाचा घ्यायचा गं?" मला हसू आवरेना. साहेबांनी दोघींना उभं केलं, शाळेतल्या पोरींसारखं.

त्याच हिवाळ्यात तिचा घसा बसला. मास्तरणीचा घसा बसणारच, म्हणून कुणी ज्येष्ठमध दिलं, कुणी हळद-दूध सांगितलं. घसा काही सुटला नाही. बीडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं आणि तिथं कॅन्सर निघाला. जीव वाचेल म्हणाले, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आधी एका रविवारी आम्ही शाळा उघडली. तिचा उरलासुरला आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवू, ही माझी कल्पना. पहिलीच्या सगळ्या कविता, सगळ्या गोष्टी तिनं म्हटल्या. मध्येच पाणी प्यायची, पुन्हा म्हणायची. पुस्तक संपलं तेव्हा म्हणाली, "थांब, एक राहिलं." आणि घरी लेकीला जेवायला बोलावते तशी तिनं लेकीला हाक मारली. मग मला म्हणाली, "कर बंद." मी बटण दाबलं आणि फळ्याकडे तोंड करून रडले.

नव्या शैक्षणिक वर्षात ती परत आली तेव्हा गळ्याभोवती सुती रुमाल होता आणि हातात पाटी. रुमालाखाली श्वासाचं छिद्र. बोलायचं ते ती पाटीवर लिहायची. मधल्या काळात तिची पहिली-दुसरीही मीच घेत होते. सरांनी फार मायेनं सांगितलं, "मॅडम, तुमी ऑफिसचं काम बघा. पोषण आहाराचं हाय, ऑनलाइनचं हाय. वर्गाची दगदग कावून घेता?" तिनं पाटीवर लिहिलं, "पहिली." मग खाली आणखी लिहिलं, "एकदा घेऊन बघते. न्हाई जमलं तर ऑफिस." तेवढंच तिचं मागणं होतं. वर्गाशिवाय ती कोण, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मी तिला म्हणाले, स्पीकर लावू, तुझाच आवाज आहे की. तिनं नकारार्थी मान हलवली. पाटीवर लिहिलं, "तो मेलेल्या बाईचा हाय. मला जितेपणी शिकवायचंय." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, खाली लिहिलं, "साहेब म्हणलेच होते, कमी बोला." मला हसू आलं नाही. तीच हसली, आवाज नसलेलं हसू. त्याची मला सवय व्हायची होती.

दुसरी माझ्याकडेच ठेवली; पहिलीची पोरं नवीकोरी होती. त्यांनी तिला आधी ऐकलेलंच नव्हतं. मी त्यांना सांगून ठेवलं की या मॅडमचं दुखणं झालंय, दंगा करायचा नाही, मॅडम करतील तसं करायचं. रोज मी तेच सांगायचे आणि ती लेकरं रोज ऐकायची.

ती आत गेली. मी दारात उभी राहिले. तिनं कार्डांतून शेळीचं कार्ड काढलं, छातीशी धरलं, ओळीत सगळ्यांना दाखवलं. पोरं खूश झाली, घरोघरी शेळ्या आहेत. मग तिनं ओठ गोल करून, नीट, सावकाश म्हटलं, गोट. आवाज अर्थातच आला नाही. हातानं खूण केली, आता तुम्ही.

सगळ्या वर्गानं ओठ गोल केले. मन लावून, तिच्याकडे टक लावून, एकही आवाज न काढता. तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा तसंच केलं. थट्टा नव्हती ती. इंग्रजी अजून त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं; ते असंच असतं, असं त्यांना वाटलं होतं. पुढे बसलेल्या एका पोरीला ते फार छान जमलं होतं आणि शाबासकीसाठी ती मान वर करून वाट बघत होती.

मैत्रिणीनं तिच्या गालावरून हात फिरवला. शाबासकी दिली तिला. मग कार्ड टेबलावर ठेवून ती बाहेर आली आणि मला दंडाला धरून आत ढकललं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी आत गेले. कार्ड उचललं आणि मोठ्यानं म्हणाले, "गोट!" पोरं आधी दचकली, मग छप्पर उडेल अशी ओरडली. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांना थांबवावं असं मला फार वाटत होतं, पण पोरं शिकत होती, त्यांना कसं थांबवणार. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. ती ऑफिसच्या दाराशी पोचली होती, आणि वर्गातून आवाज आला की दर वेळी तिचे ओठ हलत होते.