मधल्या रकान्यातले आठ

एकोणीस वर्षं तिने इस्पितळात नर्स म्हणून काढली, त्यातली चौदा रात्रपाळीची. मग कंबरेने दगा दिला. पेशंटला उचलणं, कुशीवर वळवणं जमेना, तशी तिने नोकरी सोडली आणि धाकट्या दिराच्या तिकीट बुकिंगच्या ऑफिसात येऊन बसली. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, कुरकुरणारा पंखा आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या. त्यातल्या एकीवर बसू नका असं प्रत्येकाला सांगावं लागे.

दिराला वाटलं होतं, वहिनी फोन घेतील, पासपोर्टच्या झेरॉक्स काढतील. पण महिन्याभरात तिने भलताच उद्योग सुरू केला. लांबच्या प्रवासाला निघालेलं कुटुंब आलं की ती भाड्याच्या आधी झोपेची चौकशी करायची. मुलं किती वाजता झोपतात? आजी दुपारी पडतात का? पोहोचल्यावर लगेच कामावर जायचंय की दोन दिवस मोकळे आहेत? त्यावरून ती विमान निवडायची. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना आठवडाभर आधीपासून रोज थोडं उशिरा झोपायला लावायची, पूर्वेकडे जाणाऱ्यांना लवकर. उतरल्यावर डोळे कितीही मिटले तरी उजेडात फिरा, आणि ‘आपल्या घरी आत्ता किती वाजले असतील’ हा हिशेब मुलांसमोर करू नका, असं बजावायची. हे सगळं एका कागदावर तीन रकान्यांत लिहून द्यायची: घरची वेळ, मधल्या विमानतळाची वेळ, मुक्कामाची वेळ. लोक आधी हसायचे. परत आल्यावर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिच्याकडे धाडायचे. गल्लीत तिचं नावच पडलं, झोपबाई. दीर म्हणायचा, मी तिकिटं विकतो आणि आमच्या वहिनी झोप विकतात.

उलटीपालटी झालेली झोप माणसाचं काय करते हे तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. रात्रपाळीहून परतताना ती एकदा स्वतःच्या दारावरून पुढे चार घरं चालत गेली होती आणि परक्या दाराला किल्ली लावत उभी राहिली होती.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीवर परदेशी जायची वेळ आली. मेहुण्यांना तिकडे नोकरी लागली होती. मुक्कामाचं गाव घड्याळात साडेनऊ तास मागे. मोठ्यांचं काय, दोन दिवस जांभया देतील आणि रुळतील. काळजी होती ती नऊ वर्षांच्या भाचीची. तिला घरात सगळे चिमणी म्हणत. चिमणीला फिट्स यायच्या. औषधाने आजार ताब्यात होता. सकाळी आठ आणि रात्री आठ, चुकवायचं नाही, एवढंच. दोन वर्षांपूर्वी एका प्रवासात बसमध्ये तिची अख्खी रात्र जागून निघाली होती आणि उतरल्यावर स्टँडवरच तिला मोठी फिट आली होती. ही मावशी तेव्हा बरोबर होती. फिटची ती साडेतीन मिनिटं मावशी अजून विसरली नव्हती.

म्हणून या प्रवासाची आखणी तिने मनावर घेतली. मेहुण्यांना मध्यरात्री सुटणारं विमान सोयीचं वाटत होतं, तिने तो बेत साफ मोडून काढला. सकाळी दहाचं विमान, मध्ये एकच थांबा, आणि तिकडे संध्याकाळी सव्वासातला उतरायचं, म्हणजे जेवून सरळ अंथरुणात. आधीपासून झोप सरकवण्याचा नेहमीचा नियम तिने चिमणीपुरता रद्द केला, कारण डॉक्टरांनी जागरणाला सक्त मनाई केली होती. औषधाचंही त्यांनी ठरवून दिलं: प्रवासभर घरच्या घड्याळाने बारा-बारा तास, आणि पोहोचल्यावर रोज अर्ध्या तासाने वेळ सरकवायची. मेहुणे आधी कुरकुरले. मग कागद पाहून म्हणाले, ‘‘ठीक आहे, ताई. आता या कागदाबाहेर आम्ही पाणीसुद्धा पिणार नाही.’’ ते गमतीने बोलले, पण माणूस तसाच होता. एकदा पटलं की अक्षर न् अक्षर पाळणारा.

निघायच्या आदल्या दिवशी विमान कंपनीने दुसऱ्या विमानाची वेळ पाऊण तासाने बदलली. ऑफिसात गर्दी होती. फोन एका कानाला लावूनच तिने कागद नव्याने लिहिला आणि संध्याकाळी बहिणीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा निरोप आला की आठला औषध दिलं, पण विमानाला उशीर आहे. मग अकरा चाळीसला आणखी एक: निघालो.

संध्याकाळी पाचला ऑफिसात एक म्हातारं जोडपं आलं होतं. लेकीकडे जायचं होतं. आजोबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचणारे. नमुना म्हणून तिने त्यांच्यापुढे बहिणीच्या कागदाची प्रत ठेवली. आजोबांचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं.

‘‘हे औषधाचे आठ,’’ त्यांनी विचारलं, ‘‘इथले की मधल्या गावचे?’’

इथले, असं म्हणत ती बघायला पुढे वाकली. आठ हा आकडा मधल्या रकान्यात होता. मधलं गाव साडेचार तास मागे. तिथे रात्रीचे आठ वाजतील तेव्हा घरी साडेबारा झालेले असणार. म्हणजे चिमणीला साडेसोळा तास औषध नाही, तेही दमलेली असताना, समुद्रावर, विमानात. आणि तो आठ तिच्याच अक्षरात, ठळक, खाली दुहेरी रेघ मारून.

तिने आजोबांना कसंबसं उद्या यायला सांगितलं. ते उठले.

इस्पितळात तिच्या हातून एकोणीस वर्षांत चुकीचा डोस गेला नव्हता. त्याचं श्रेय तिच्या एकटीचं नव्हतं. तिथे नियमच होता, एकीने औषध काढायचं आणि दुसरीने वाचून बघायचं. इथे दुसरी कोणी नव्हती, आणि इतक्या वर्षांत तिला ती हवीशीही वाटली नव्हती.

बहिणीला फोन लावला, बंद. मेहुण्यांचा बंद. निरोप पाठवले, ते गेलेच नाहीत. विमान हवेत होतं. तिने पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. उशीर धरून ते घरच्या घड्याळाने सात चाळीसला उतरणार. दुसऱ्या विमानाचं दार आठ पंचविसला बंद होणार. मधली पंचेचाळीस मिनिटं ती तिघं बॅगा आणि चिमणीच्या धाकट्या भावाला घेऊन धावत असणार. तिथलं वायफाय चालू करायला फोनवर कोड यावा लागतो आणि रोमिंग नसलेल्या त्यांच्या फोनवर तो येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिने आधी डॉक्टरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, आठच्या आसपास मिळालं तर काही बिघडत नाही. साडेबारापर्यंत थांबू नका. बाकीच्या वेळा त्यांनी तिच्याकडून एकेक करून वाचून घेतल्या. त्या बरोबर होत्या.

मग विमान कंपनीचा फोन. चाळीस मिनिटं तेच संगीत. शेवटी एक बाई बोलली, तिने नम्रपणे सांगितलं की प्रवाशांना खाजगी निरोप देता येत नाहीत. वैद्यकीय आणीबाणी आहे का, तेवढं सांगा.

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित चिमणीला पुढच्या विमानात चढूच दिलं नसतं. तिने खरं तेच सांगितलं: अजून नाही, पण मुलीला वेळेवर औषध मिळालं नाही तर तुमच्या विमानात होऊ शकते. मग त्या बाईने मधल्या विमानतळावरच्या ड्यूटी ऑफिसरचा थेट नंबर दिला.

सात वाजले होते. दीर खालच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन आला होता. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, ‘‘वहिनी, डॉक्टरांनी वेळ बदलली असं कळवा. तुमचं नाव कशाला मध्ये? पुढे आयुष्यभर ऐकावं लागेल.’’

मोह तिलाही झाला. बहिणीसमोर, मेहुण्यांसमोर, एका नर्सने हे कबूल करायचं म्हणजे धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण मेहुणे तिला ठाऊक होते. परक्या गावात कुणी परकं माणूस येऊन औषध आत्ता द्या म्हणालं, तर ते खिशातून कागद काढणार, दुहेरी रेघेवर बोट ठेवणार आणि नाही म्हणणार. कागद खोटा आहे हे सांगितल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. आणि ते सांगायचा अधिकार कागद लिहिणारीलाच होता.

ड्यूटी ऑफिसर बाईच होती. आवाज थकलेला. थोड्या वेळात गाठायचं विमान असलेल्या प्रवाशांसाठी आमची माणसं उतरतानाच दाराशी पाटी घेऊन उभी असतात, ती म्हणाली, मजकूर सांगा. तिने सीट नंबर सांगितले. ते तिनेच निवडले होते. मग एकेक इंग्रजी अक्षर सांगत मराठी मजकूर लिहवून घेतला. पलीकडच्या बाईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने तो दोनदा अडखळत वाचून दाखवला. मजकूर होता: ‘चिमणीचं औषध आत्ता द्या. कागद चुकलाय. मीच चुकले. ताई.’

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. सात चाळीस झाले. कॉम्प्युटरवर विमान उतरल्याचं दिसलं. आठ वाजले. दिराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. आठ दहा. तिला आपलेच हात दिसत होते, टेबलावर पालथे ठेवलेले, नर्सच्या सवयीने नखं बारीक कापलेले. आठ सोळाला अनोळखी नंबरावरून फोन वाजला.

‘‘दिलं,’’ बहीण धापा टाकत म्हणाली. ‘‘आठ वाजून नऊ मिनिटांनी. त्या बाईंच्या फोनवरून बोलतेय.’’

तिने ती वेळ कागदावर टिपून घेतली.

‘‘ताई, खरंच तू चुकलीस?’’

‘‘हो. आठ मधल्या रकान्यात लिहिले. नंतर एकदाही वाचून बघितले नाहीत.’’

पलीकडे घोषणा चालू होती, धाकटा रडत होता. बहिणीने विचारलं, ‘‘पुढचं तरी बरोबर आहे?’’

‘‘डॉक्टरांना आत्ताच एकेक आकडा वाचून दाखवलाय. बरोबर आहे.’’

फोन बंद झाला. तिने डोकं टेबलावर टेकलं. दिराने पंखा बंद केला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चिमणी दुसऱ्या विमानात चार तास झोपली. वेळेवर उतरली, जेवली, औषध घेतलं आणि नव्या घरात जमिनीवर घातलेल्या गादीवर सकाळपर्यंत झोपली. हे सगळं मेहुण्यांनी दोन ओळींत कळवलं. चौथ्या दिवशी मात्र सकाळी उठल्या उठल्या तिचा उजवा हात काही सेकंद झटकत राहिला. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध तेच ठेवलं. प्रवासाचा शीण असेल किंवा नसेलही, ते म्हणाले. त्या नऊ मिनिटांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता हे मोठ्या बहिणीला नर्स म्हणून कळत होतं. मावशी म्हणून कळत नव्हतं. धाकटीचा पुढचा फोन यायला तीन आठवडे लागले, आणि त्यातही ती हवापाण्याचंच बोलली.

आजोबा त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी ठरल्याप्रमाणे आले होते. तिने त्यांचा कागद लिहिला आणि दिरासमोर धरला. तो म्हणाला, मला यातलं काय कळतं. कळायला नको, मोठ्याने वाच, ती म्हणाली. तेव्हापासून ऑफिसातून एकही कागद दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर गेला नाही. औषधांच्या वेळा तर तिने स्वतः लिहायच्याच बंद केल्या; गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडून लिहून आणायला लावते आणि तो कागद तसाच जोडते. गिऱ्हाइकं कधी कंटाळतात. कंटाळू देत, म्हणते.

दीड वर्षाने सुट्टीवर यायचं ठरलं, तेव्हा फोन मेहुण्यांचा आला. तिने आधीच सांगून टाकलं की तिकडच्याच एखाद्या एजंटकडून करून घ्या, तिला वाईट वाटणार नाही.

‘‘एजंट भाडं सांगतात हो,’’ मेहुणे म्हणाले. ‘‘पोर कधी झोपते ते कुणी विचारत नाही. तुम्हीच करा. वाचून मी बघेन.’’

तिने कोरा कागद ओढला आणि विचारलं, चिमणी हल्ली किती वाजता झोपते?